सॉक्रेटिसचा बडग्या

बुधवारीकर:
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात इतवारीत बडगे (मारबतीच्या मिरवणुकीत फिरवून मग जाळतात ते टवाळीचे पुतळे) पाहताना डोक्यात आलं, ॲथेन्सनं सॉक्रेटिसचा बडग्याच केला होता. इ.स.पू. ४२३ मध्ये ॲरिस्टोफेनिस या विनोदी नाटककारानं त्याला नाटकात टोपलीत बसवून हवेत लटकवला. खोट्याचं खरं करायला शिकवणारा भामटा! २४ वर्षांनी त्याच माणसाच्या हातात विषाचा प्याला. माझ्या मते मारलं ते टवाळीनं.

तर्रीपोहा:
काहून बाप्पा, नाटकानं माणूस मरते का? ते नाटक स्पर्धेत शेवटचं आलं होतं. लोक हसले अन् घरी गेले. म्हणतेत की सॉक्रेटिस स्वतः प्रेक्षकांत उभा राहिला, पाहा मले म्हणून. बडग्या जाळला की लोकायचा राग जाते, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ काय उगाच म्हणतो आपण?

बुधवारीकर:
राग जातो, समज राहतो. खटल्यात तो म्हणाला (प्लेटोनं लिहिलंय), समोरच्या फिर्यादींपेक्षा जुन्या निंदकांची मला जास्त भीती. न्याय करायला बसलेले कित्येक जण लहानपणापासून तेच ऐकत आलेले. सावल्यांशी लढायचं कसं?

काळाकोट:
सगळं नाटकावर ढकलू नका. क्रिटियस त्याच्या बैठकीतला, तो खटल्याआधी काही वर्षं ॲथेन्सवर राज्य केलेल्या तीस जुलमी सत्ताधीशांत निघाला. ती जखम ताजी होती. तरी तीसेक मतं फिरली असती तर सुटला असता. आणि दोषी ठरल्यावर, शिक्षा सुचव म्हटलं तर हा म्हणतो, ऑलिंपिक विजेत्यांसारखं सरकारी खर्चानं जेवू घाला! माझा अशील असता तर मी वकालतनामा परत केला असता.

महालची मावशी:
आमचे आगरकर विसरले वाटतं सगळे. अकोल्यात शिकलेला माणूस. पुण्यात लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. लिहिणं नाही सोडलं त्यांनी, पण घरातल्यांचं काय झालं असेल? मंत्र्याचा बडग्या केला तर त्याचं काही बिघडत नाही, तो पुढच्या निवडणुकीत पुन्हा उभा. मास्तराचा केला तर त्याच्या पोराला वर्गात चिडवतात. सॉक्रेटिसलाही तीन मुलं होती, त्यातली दोन लहान.

तर्रीपोहा:
मावशी, पोराचं पटलं. पण मंग बडग्या कोणाचा करायचा अन् कोणाचा नाही, हे ठरवणार कोण? बुधवारीकर?