'नटसम्राट'ने डॉ. श्रीराम लागूंची कारकीर्द झाकोळली का?

धागाकर्ता, फोंडा

गोव्यात एकपात्री स्पर्धा असो की शाळेचे स्नेहसंमेलन, 'नटसम्राट' नाटकातला एक तरी अप्पासाहेब बेलवलकर रंगमंचावर येतोच. खांद्यावर शाल, थरथरणारा हात, वाक्याच्या मध्येच घेतलेला लांबलचक विराम आणि मग एकदम टिपेला चढवलेला आवाज, हा सगळा ऐवज डॉ. लागूंच्या जुन्या चित्रफितींतून उचललेला असतो. आणि परीक्षकही त्या फितींशी ताडूनच गुण देतात, असा माझा ग्रह आहे.

वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग 23 डिसेंबर 1970 रोजी झाला, तेव्हा डॉक्टर 43 वर्षांचे होते. कान-नाक-घशाचा शल्यविशारद म्हणून जम बसलेला व्यवसाय सोडून ते पूर्णवेळ नट झाले, त्याला जेमतेम वर्ष उलटले होते. पुढे प्रकृतीने साथ दिली नाही आणि बेलवलकरांची भूमिका दत्ता भटांसारख्या इतर नटांकडे गेली. म्हणजे अनेक दशकांच्या कारकिर्दीतली ही मोजकी वर्षे. तरीही 2019 च्या डिसेंबरमध्ये ते गेले, तेव्हा आपल्याकडच्या बहुतेक श्रद्धांजलींचा मथळा याच एका भूमिकेवर बेतलेला होता.

मला त्यांचे मोठेपण दिसते ते दुसरीकडे. 'सामना' चित्रपटातला मास्तर पाहा. दारूने पोखरलेला, कुणाचा कुणी नसलेला हा म्हातारा हिंदुराव धोंडे पाटलाच्या वाड्यावर पाहुणा म्हणून राहतो आणि मारुती कांबळेचे काय झाले, एवढे एकच पुन्हा पुन्हा विचारत राहतो. त्या प्रश्नात आरोप नाही, आवेश नाही. आहे ती केवळ न सुटणारी चौकशी, आणि निळू फुल्यांचा पाटील अस्वस्थ होतो तो तिच्यामुळेच. 'सिंहासन'मधला अर्थमंत्री दाभाडे, 'घरौंदा'तला विधुर मोदी, 'हिमालयाची सावली' नाटकातले प्रा. भानू यांतल्या कुणालाही ओरडावे लागले नाही. 'नटसम्राट'ने हे सारे झाकून टाकले, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवृत्त शिक्षिका, मडगाव

आपल्या मताशी मी अजिबात सहमत नाही. दोष नकलाकारांचा आणि शिक्षा भूमिकेला, असा हा न्याय झाला.

बेलवलकर हा जुन्या जमान्यातला नट आहे, ही गोष्ट आपण लक्षात घेतलेली दिसत नाही. त्याचे चढे सूर, शब्दांची आतषबाजी, ऊठसूट शेक्सपिअरच्या भूमिकांत शिरणे हा त्या पात्राचा स्वभाव आहे. डॉक्टरांच्या अभिनयाची ती पद्धत नव्हे. पुण्याच्या प्रायोगिक मंडळींत वाढलेला, बुद्धीने भूमिका बांधणारा एक आधुनिक नट इथे गतकाळातल्या नटाचे सोंग घेतो आहे. बायकोशी, कावेरीशी बोलताना हाच बेलवलकर किती साधा होतो, ते पाहावे. कावेरी झालेल्या शांता जोगांसमोर डॉक्टर जवळजवळ घरगुती आवाजात बोलत. या दोन पट्ट्यांतली ये-जा हेच तर त्या भूमिकेचे मर्म आहे. आपल्या स्पर्धकांनी त्यातली वरची पट्टी तेवढी उचलली, याला डॉक्टर काय करणार?

आणखी एक गोष्ट गोमंतकीयांना तरी सांगावी लागू नये. हे नाटक रंगमंचावर आणले धी गोवा हिंदू असोसिएशनने, म्हणजे मुंबईतल्या आपल्याच माणसांच्या संस्थेने. ते आपल्या गावोगावी रुजले, याचे वाईट का वाटावे?

चित्रपटरसिक, म्हापसा

झाकोळलेच असेल तर ते 'नटसम्राट'ने नव्हे, हिंदी चित्रपटांनी. शंभराहून अधिक हिंदी चित्रपट, आणि त्यांतल्या बहुतेकांत वकील, न्यायाधीश, डॉक्टर किंवा नायिकेचा बाप! 'घरौंदा'साठी सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर मिळाला, 'गांधी'त गोपाळ कृष्ण गोखले झाले. असे सन्माननीय अपवाद सोडले, तर ज्या नटाने 'पिंजरा'तल्या मास्तराची घसरण पायरी पायरीने दाखवली, त्याला चार वाक्ये देऊन उभे करण्यात आले आणि तोही उभा राहिला. माझ्या पिढीला डॉक्टर आधी भेटले ते याच भूमिकांतून, आणि हा माणूस मोठा का म्हणतात, ते कळायला त्यामुळे फार उशीर लागला.

नाट्यमंडळाचे दिग्दर्शक, सत्तरी

हिंदी चित्रपटांविषयी एवढेच म्हणेन की, तेंडुलकरांचे 'गिधाडे' बसवून साडीवरच्या लाल डागासाठी परिनिरीक्षण मंडळाशी झगडणाऱ्या माणसाने पोटाची सोय कुठे केली, याचा हिशेब आपण प्रेक्षकांनी मागू नये.

मला बोलायचे आहे ते संयत अभिनयाच्या कौतुकाविषयी. आमचे नाटक जत्रेला होते. पालखी फिरून येते, पावणी, म्हणजे देवासमोरचा लिलाव, आटोपते आणि मध्यरात्र उलटल्यावर देवळासमोरच्या मंचावर पडदा वर जातो. बाजूला खाजेवाले आणि खेळण्यांची दुकाने, मागे मोटारसायकलींची ये-जा, पुढच्या रांगेत पेंगुळलेली मुले. तिथे 'सामना'तल्या मास्तरासारखे पुटपुटून पाहा, म्हणजे दहाव्या रांगेपलीकडे काय पोहोचते ते कळेल. आमची परंपरा मास्टर दत्तारामांची आहे. 'रायगडाला जेव्हा जाग येते'चे दिग्दर्शनही त्यांचे आणि त्यातले शिवाजीमहाराजही त्यांचेच. खणखणीत वाणी हा आम्ही दोष मानत नाही. बेलवलकर आमच्याकडे टिकला, कारण तो आमच्या मंचाला पेलणारा आहे.

(गंमत अशी की, ज्या डॉक्टरांनी देवाला निवृत्त करण्याची भाषा केली, त्यांची ही भूमिका आम्ही वर्षानुवर्षे देवासमोरच करत आलो आहोत. देवाची काही तक्रार ऐकिवात नाही.)

धागाकर्ता, फोंडा

शिक्षिकाबाईंनी केलेली बेलवलकरांची फोड मला पूर्णपणे पटते; पण तिच्यातून माझाच मुद्दा बळकट होतो. त्या भूमिकेत दोन पट्ट्या असताना लोकांच्या ध्यानात एकच राहिली, यालाच मी झाकोळणे म्हणतो. कावेरीसमोरचा प्रवेश एकाही स्पर्धकाने निवडलेला मी पाहिलेला नाही. घर मागणारे स्वगत मात्र एकाच संध्याकाळी दोनदा ऐकण्याची वेळ आली आहे.

सत्तरीच्या दिग्दर्शकांना माझे उत्तर असे, की डॉक्टर पुटपुटत नव्हते. घशाचे शास्त्र शिकलेला हा नट हळू बोलतानाही शेवटचे व्यंजन गिळत नसे. वाक्याचा शेवट पाडणे ही आपल्या हौशी नटांची जुनी खोड त्यांच्यात नावालाही नव्हती. जत्रेतल्या मंचाला गरज आहे ती अशा स्वच्छ उच्चारांची, आणि तुमच्या मंडळाकडे ध्वनिक्षेपक आहे, हे मी स्वतः पाहिले आहे. मास्टर दत्तारामांचा वारसा मला मान्य आहे. पण तो ऐतिहासिक नाटकाचा वारसा आहे. बेलवलकरांच्या घरातल्या बैठकीत महाराजांचा आवाज कशाला हवा?

निवृत्त शिक्षिका, मडगाव

स्पर्धकांनी काय निवडले, यावरून नटाची कारकीर्द मोजायची झाली तर कुणीच मोठा ठरणार नाही. भूमिकेचे पडसाद मोजायचेच असतील, तर बांदोड्याच्या स्नेहमंदिराकडेही पाहावे. ज्या संस्थेने हा निराधार म्हातारा रंगमंचावर उभा केला, तिनेच पुढे रामकृष्ण नायकांच्या पुढाकाराने गोव्यात वृद्धांसाठी घर उभारले. दोन्हींचा कार्यकारणसंबंध मी जोडत नाही. पण मोजक्या वर्षांची भूमिका म्हणून आपण जिला बाजूला सारता, ती इतकी हलकी नाही.

नाट्यमंडळाचे दिग्दर्शक, सत्तरी

ध्वनिक्षेपक आहे, पण तो दर अंकाला एकदा तरी शिट्टी मारतो, हे आपण पाहिले नसावे.

तरीही, वाक्याचा शेवट गिळण्याविषयी आपण म्हणता ते खरे आहे आणि यंदा तालमीत मी त्यावरच बोट ठेवणार आहे. 'हिमालयाची सावली' बसवण्याचा विचार मंडळापुढे मांडायला माझी हरकत नाही. तेही मूळ गोवा हिंदूचेच नाटक असल्याने ज्येष्ठ सभासद आढेवेढे घेणार नाहीत. अडचण भानूची नाही. संस्थेसाठी सर्वस्व उधळणाऱ्या नवऱ्याच्या पाठीमागे संसार ओढणारी बयो, हे त्या नाटकाचे खरे ओझे आहे, आणि त्या वयाची, पाठांतराला पक्की बाई आमच्या गावात मिळत नाही. बाहेरून नटी आणायची तर ती प्रयोगाआधी दोन तालमींनाच येते. दोन तालमींत बयो उभी राहणार नाही. 'नटसम्राट'मध्ये सगळा भार एका पुरुषनटावर टाकता येतो, म्हणून तो आमच्याकडे होतो. त्यात डॉक्टरांच्या कीर्तीचा भाग आपण समजता तेवढा मोठा नाही.