सपाट लॉन आणि मागं तीव्र उतार: गवत कापायचं, बसून चालवायचं मशीन कुठलं घ्यावं?

जांबोटी_मळा
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात फार्महाऊस आहे. पुढं ४० गुंठे सपाट लॉन, मागं ओढ्याकडं उतरणारं १५ गुंठे गवत. झीरो-टर्न (जागच्या जागी वळणारं गवत कापायचं मशीन) घ्यावं की लॉन ट्रॅक्टर (स्टेअरिंगचा, छोट्या ट्रॅक्टरसारखा)? उतारालाही तेच चालेल काय?

उद्यमबाग_फिटर
आधी उतार मोजा, मग मशीन ठरवूया. एक मीटरची सरळ पट्टी घ्या, वरचं टोक जमिनीला टेकवा, लेव्हल लावून आडवी धरा आणि खालच्या टोकापासून जमिनीपर्यंत उभं माप घ्या. साधारण १८ सेंमी म्हणजे १० अंश, २७ म्हणजे १५, ३६ म्हणजे २०. बसून चालवायच्या बहुतेक मशीनच्या पुस्तकात १५ अंशाच्या वर नेऊ नका असं लिहिलेलं असतं, काही झीरो-टर्नना तर १० च. ओल्या गवतावर तेवढंही धरू नका. आपल्याकडं जून ते सप्टेंबर तांबडी माती कधी वाळते?

झीरो-टर्नचं वळणं आणि थांबणं, दोन्ही मागच्या दोन चाकांवर. पुढची नुसती कॅस्टर, म्हणजे ट्रॉलीसारखी मोकळी फिरणारी चाकं. उतारावर मागचं चाक घसरलं की वळवताही येत नाही, थांबवताही येत नाही, आणि तुमच्याकडं खाली ओढा आहे. ट्रॅक्टरचं स्टेअरिंग निदान पुढच्या चाकांवर असतं. पण साध्या ट्रॅक्टरची हायड्रोस्टॅटिक पेटी (तेलाच्या दाबावर चाकं फिरवणारी गिअरपेटी) हलकी आणि सीलबंद असते. सतत चढावर ओढलं की तेल तापून पातळ होतं, मशीन चढायला कुरकुरतं. रोज उतार कापायला ती पेटी नव्हेच.

हिरवळ_बेळगाव
लॉनसाठी ४२ इंची डेकचा (पाती ज्यात फिरतात ते खालचं कवच) ट्रॅक्टर भरपूर झाला. कापल्यावर गवतात उंच-सखल पट्टे पडले तर लगेच पात्यावर ठपका ठेवू नका. आधी चारी टायरची हवा पुस्तकाप्रमाणं करा, मग डेक दोन्ही बाजूंनी समान आणि पुढून ३ ते ६ मिमी खाली ठेवा. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या भागापेक्षा जास्त कापू नका.

जांबोटी_मळा
मोजलं अण्णा. वर १२ सेंमी, मधे २२, ओढ्याजवळ ३८.

उद्यमबाग_फिटर
३८ म्हणजे २० अंशाच्या वर. तिथं बसून चालवायचं कुठलंच साधं मशीन नेऊ नका. ३५ सीसीचा फोर-स्ट्रोक ब्रशकटर (खांद्याला अडकवून चालत वापरायचं गवत कापायचं यंत्र) घ्या. दगडाजवळ नायलॉन दोरी, जाड गवताला तीन दाती पातं, डोळ्यावर गॉगल हवाच. चालताना उताराला आडवं चाला. ट्रॅक्टरचं उलटं, तो वर-खालीच चालवायचा, आडवा नेला तर कुशीवर उलटतो.

तिथं गवत १२-१५ सेंमी राहू दे. बोडकं केलं तर पहिल्या पावसात माती ओढ्यात. उताराला आडव्या वाळ्याच्या ओळी लावल्या तर मुळं माती धरतात, कापायचं कामही घटतं.

जांबोटी_मळा
मग मधला २२ सेंमीचा पट्टा?

उद्यमबाग_फिटर
आकड्यात बसतो, साडेबारा अंशाच्या आत. पण खाली वळायला सपाट जागा पाहिजे. तुमच्याकडं त्याच्या खालीच ३८ चा उतार, म्हणजे वळण उतारावरच येणार, आणि रिव्हर्समध्ये चढत कापणं धोक्याचं. म्हणून वरचा १२ सेंमीचा भाग तेवढा ट्रॅक्टरला, तोही गवत सुकं असताना. मधल्यापासून खाली सगळं ब्रशकटरनं.