ओव्हरीची १४ सेंमीची गाठ, आधी सुई घालून का नाही बघत?

वहिनीच्या उजव्या ओव्हरीत गाठ निघालीय, वय ३४. सोनोग्राफीत आत पडदे आणि थोडा घट्ट भाग लिहिलाय, रक्तातलं सीए-१२५ (ओव्हरीच्या कॅन्सरच्या शंकेला करतात ती तपासणी) ६८ आलंय, नॉर्मल ३५ पर्यंत. डॉक्टर म्हणतात डायरेक्ट ऑपरेशन, तिथंच फ्रोझन (ऑपरेशन चालू असतानाच गाठीचा तुकडा गोठवून तपासणं) करून पुढचं ठरवू. काकूच्या ब्रेस्टच्या गाठीला आधी सुई घातली होती, मग इथं का नाही? दादाने तर कॅन्सर धरूनच जेवण सोडलंय.

लॅबवाली:
सुई मुद्दामच घालत नाहीत. पाण्याने भरलेली गाठ, टोचली आणि आत कॅन्सर निघाला तर ते पाणी पोटात सांडतं, म्हणजे ओव्हरीपुरता असलेला १ए स्टेजचा आजार आपल्याच हाताने पुढच्या १सी स्टेजचा करून ठेवायचा. म्हणून अख्खी, न फोडता काढतात. आधीच पोटभर पसरलेलं असेल तर सुईने बायोप्सी घेतात, ते वेगळं.
फ्रोझनला गाठ ऑपरेशन थिएटरमधून फॉर्मलिन (तुकडे टिकवायचं औषध) न घालता तशीच ओली येते, वरचं कव्हर कुठं फाटलंय का बघायचं, मग कापून घट्ट नाहीतर फ्लॉवरसारखा दिसणारा भाग उचलायचा, उणे २० च्या आसपास गोठवून पातळ काप काढायचे आणि अर्ध्या तासात सर्जनला फोन. पण १४ सेंमीतले दोन-तीन तुकडेच बघून होतात हो! आत शेंबडासारखं चिकट निघालं, म्हणजे म्युसिनस, तर एकाच गाठीत इकडे साधी, तिकडे बॉर्डरलाइन (साधी आणि कॅन्सर यांच्या मधली), कोपऱ्यात कॅन्सर असंही असतं. त्यामुळे फ्रोझनचं बॉर्डरलाइन नंतरच्या फायनल रिपोर्टला बदलू शकतं. ६८ चं म्हणाल तर एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखा भाग बाहेर वाढतो तो आजार), अगदी पाळी चालू असतानाही वाढतं.

सोलापूरकर:
माझ्या बहिणीचं सीए-१२५ ४०० च्या वर होतं, पोटात पाणी, घरात रडारड. दुर्बिणीतून बायोप्सी घेतली तर टीबी निघाला. ६ महिने गोळ्या खाल्ल्या, आता मस्त आहे.

प्रश्नकर्ता:
बापरे. पण बॉर्डरलाइन आलं तर दुसरी ओव्हरी पण काढतात का? तिला अजून एक मूल हवंय.

लॅबवाली:
हे कन्सेंटवर सही करायच्या आधी सर्जनशी बोला, टेबलावर झोपवल्यावर नाही. बॉर्डरलाइनला दुसरी ओव्हरी आणि गर्भाशय बऱ्याचदा ठेवता येतं. म्युसिनस निघाली तर अपेंडिक्स आणि जठरही बघतात, कधीकधी मूळ तिथं असतं. आणि फायनलनंतर स्लाइड (काचेवरचे काप) आणि ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) मागून घ्या, सेकंड ओपिनियनला नुसती रिपोर्टची झेरॉक्स घेऊन लोक येतात आणि आम्ही त्यांना परत पाठवतो.