न उडणाऱ्या पक्ष्यांचा ‘रॅटाइट’ हा गट पाठ्यपुस्तकात ठेवायचा की काढायचा?

रानवाट:
शहामृग, रिया, एमू, कॅसोवरी, किवी हे सगळे ‘रॅटाइट’. त्यांचा पूर्वज एकच, न उडणारा. गोंडवन हा दक्षिणेकडचा प्राचीन महाखंड फुटला तेव्हा एकेका तुकड्यासोबत ते लांब गेले. हे अजूनही शिकवतात, आणि ते थांबायला हवं. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या अ‍ॅलन कूपर यांच्या गटाने मादागास्करच्या नामशेष हत्तीपक्ष्याच्या हाडांतला डीएनए वाचला. सर्वांत जवळचा नातलग निघाला न्यूझीलंडचा किवी! एक अर्ध्या टनाचा, दुसरा दोन-तीन किलोचा. दोघांच्या वाटा साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी फुटल्या, आणि तोवर ते दोन भूभाग कधीच वेगळे झाले होते. म्हणजे पूर्वज उडत पोचले, उडणं नंतर सुटलं.

हाडवेडा:
इतकी घाई नको. कोंबडीच्या छातीच्या हाडावर मधोमध उभी धार असते, उडण्याचे स्नायू तिलाच धरून असतात. शहामृगाचं तेच हाड तराफ्यासारखं सपाट. जर्मन अभ्यासक मेरेम यांनी १८१३ मध्ये त्यावरूनच गट पाडला. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ हक्सले यांनी १८६७ मध्ये टाळूची हाडं तपासली, तीही सगळ्यांची एकाच धर्तीची.

रानवाट:
तशीच टाळू दक्षिण अमेरिकेतल्या टिनॅमूची आहे, आणि तो उडतो! डीएनएनुसार तो रॅटाइटांच्या आतच बसतो, न्यूझीलंडच्या नामशेष, न उडणाऱ्या मोआच्या शेजारी. टिनॅमूसकट मोठा गट खरा, त्यात एका पूर्वजाचे सगळे वंशज येतात. त्याला वगळून केलेला रॅटाइट गट खरा नाही. सपाट हाड हा उडणं सुटल्याचा परिणाम आहे, तेवढ्यावरून नातं ठरत नाही.

माळढोक४२:
उडणं एकदाच गेलं आणि टिनॅमूला परत मिळालं, असं का नाही? हिशेब सोपा होतो.

रानवाट:
कागदावर होतो. पण बेटांवरच्या रेल (पाणकोंबडीच्या कुळातल्या) पक्ष्यांचं उडणं पुन्हा पुन्हा सुटलंय, एकदा गेलेलं परत आल्याचं पक्कं उदाहरण मला माहीत नाही. शिवाय लिथॉर्निस हे या मोठ्या गटाचे जुने, उडू शकणारे सदस्य. त्यांचे जीवाश्म युरोप आणि उत्तर अमेरिकेत मिळालेत.

गिरणाकाठ:
मग चाळीसगावजवळ पाटण्याला शहामृगाच्या अंड्याचं नक्षी कोरलेलं कवच मिळालं, ते गोंडवनातलं नाही?

रानवाट:
नाही. गोंडवन फुटलं कोट्यवधी वर्षांपूर्वी, आणि ही कवचं हजारो वर्षांच्या हिशेबातली. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने भारतातल्या अशा कवचांतून डीएनए काढला, तो आफ्रिकी शहामृगाशी जुळला. आफ्रिका आणि आशिया जमिनीने जोडलेले आहेत, हा पक्षी त्या वाटेने आला असणार.

हाडवेडा:
रियाची जागा अजून हलतेय. फांद्या झपाट्याने फुटल्यामुळे वेगवेगळी जनुकं वेगवेगळं सांगतात. एवढ्या कच्च्या वंशवृक्षावर पुस्तक बदलायचं?

रानवाट:
रिया कुठेही बसवा. शहामृगाची फांदी सर्वांत आधी फुटलेली आणि टिनॅमू आत, हे दोन्ही कायम राहतं.

हाडवेडा:
टिनॅमूचं चित्र घाला, मला मान्य आहे. पण सपाट हाडाचा उतारा गाळू देणार नाही. उडणं सुटलं की शरीर काय टाकून देतं, हे मुलांना इतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.