चर्चा धागा : व्हिक्टोरियन स्त्रीला स्वातंत्र्य कायद्याने दिले की सायकलीने?

तळटीप (धागाकर्ता)

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्लंडमधल्या स्त्रियांवर कोणी लिहायला घेतले की लेखाची गाडी हमखास सायकलीवर येऊन थांबते. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ सायकल आली, १८८८ मध्ये डनलॉप यांचे हवेचे टायर आले आणि पुढच्या दशकात बायका सोबतीवाचून हिंडू लागल्या, अशी ती कथा आहे. ती खोटी नाही. पण मुक्तीचे श्रेय तिला देण्यास माझा विरोध आहे.

त्या काळी लग्न होताच इंग्लिश स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व नवऱ्याच्या अस्तित्वात विरून जाई. श्रीमंत घराणी मुलीच्या नावे विश्वस्त नेमून त्यातून वाट काढत. इतरांच्या मुलींना तीही सोय नव्हती. कॅरोलाइन नॉर्टन ही नावाजलेली लेखिका १८३६ मध्ये नवऱ्यापासून वेगळी झाली, तेव्हा तिच्या तिन्ही मुलांचा ताबा नवऱ्याकडे राहिला आणि तिच्या लेखनाच्या मानधनावरही कायद्याने त्याचाच हक्क होता. तिच्या खटपटीमुळे १८३९ साली सात वर्षांखालील मुलांचा ताबा मागण्याची मुभा मातांना मिळाली. पण नवऱ्याने मुले स्कॉटलंडला, त्या कायद्याच्या कक्षेबाहेर, नेऊन ठेवली होती. १८४२ मध्ये धाकटा मुलगा घोड्यावरून पडला आणि आई पोहोचेपर्यंत तो गेलेला होता. विवाहितेचा पगार तिचा स्वतःचा, हे १८७० साली मान्य झाले आणि सगळी मालमत्ता तिची, हे १८८२ साली. ज्या बाईची सायकलच कायद्याने नवऱ्याची, ती त्या सायकलीवरून कितीही लांब गेली तरी कोठे पोहोचणार होती?

दिवेलागण

आपली मांडणी नेटकी आहे, पण ती घराच्या उंबरठ्याआतच थांबते. मालमत्ता नावावर असलेल्या बाईला शहरात चार तास घालवता येत होते का, हा प्रश्न आपण विचारतच नाही. लंडनमध्ये पुरुषांसाठी मुताऱ्या उभ्या राहिल्या तरी स्त्रियांची सोय कितीतरी काळ नगण्यच होती. त्यामुळे घरापासून किती दूर जायचे हे बाईची देहधर्माची निकडच ठरवत असे. मग एरेटेड ब्रेड कंपनीची चहाची दुकाने निघाली, १८९४ मध्ये पिकॅडिलीत लायन्सचे पहिले दुकान उघडले आणि एकट्या बाईला थोडक्या पैशांत, कोणाच्या वाईट नजरेला तोंड न देता, बसायला जागा मिळाली. (चहाच्या कपाला इतिहासात कोणी मान देत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.)

सायकलीचे महत्त्व विरोधकांना चांगलेच कळले होते. १८९७ साली केंब्रिजमध्ये स्त्रियांना पदवी देण्याच्या ठरावावर मतदान झाले, तेव्हा विद्यार्थ्यांनी सायकलीवर बसलेल्या बाईचा पुतळा रस्त्यावर टांगला. मालमत्तेच्या कायद्याचा पुतळा त्यांनी केला नाही. ठराव पडला आणि केंब्रिजची पूर्ण पदवी स्त्रियांना मिळायला १९४८ साल उजाडले.

तळटीप

मग लेडी हार्बर्टन यांच्या प्रकरणाचे काय करायचे? त्या सायकलीसाठी सोयीचा सैल विजारीसारखा पोशाख करून सरे परगण्यातील एका खानावळीत गेल्या. मालकिणीने त्यांना कॉफीच्या दालनात घेण्यास नकार देऊन दारूच्या गुत्त्यालगतच्या खोलीत बसण्यास सांगितले. सायकलस्वारांच्या संघटनेने खटला भरला आणि १८९९ साली ज्युरीने मालकिणीची बाजू उचलून धरली. कायदा पाठीशी नसला की सायकल दारातच अडते.

खटपट्या

आपण दोघेही ज्या बाईविषयी बोलता आहात, ती मध्यमवर्गीय किंवा त्याहून वरची आहे. लँकेशायरच्या गिरण्यांतील विणकर स्त्रिया सायकलीच्या कितीतरी आधीपासून पहाटे रस्त्यावर होत्या. त्यांना ना कोणाची सोबत लागे, ना परवानगी. १८८८ साली लंडनच्या बो भागात ब्रायंट अँड मे काडेपेटी कारखान्यातील सुमारे १,४०० बायका-मुलींनी संप केला. बोलल्याबद्दल दंड, अस्वच्छ पायांबद्दल दंड आणि पांढऱ्या फॉस्फरसमुळे जबडा सडण्याचे भय, अशी तेथील स्थिती होती. काही आठवड्यांतच दंड रद्द झाले. हे ना सायकलीने घडले, ना १८८२ च्या कायद्याने.

हॅना कलविक ही घरकाम करणारी स्त्री तर आपल्या दोघांनाही अडचणीची ठरेल. आर्थर मनबी या सद्गृहस्थाशी १८७३ मध्ये गुपचूप लग्न झाल्यावरही उंची कपडे घालून बाईसाहेब म्हणून वावरणे तिला जाचक वाटे. भांडी घासणे आणि जिने पुसणे, हे तिला आपले वाटत होते. तिच्या रोजनिशीत हे सारे आहे. आता तिला परतंत्र म्हणायचे की स्वतंत्र, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

साक्षीदार

धागाकर्त्यांची कायद्यावरची श्रद्धा पाहून मुंबईचा एक खटला मांडावासा वाटतो. दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंवर नांदायला येण्यासाठी १८८४ मध्ये दावा लावला. हा दावा मुळात इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतला. आपल्याकडे तो इंग्रजी न्यायव्यवस्थेबरोबर आला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, अपिलात तो फिरला आणि १८८७ मध्ये नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये २,००० रुपयांवर तडजोड झाली आणि रखमाबाई लंडनला वैद्यकी शिकायला गेल्या. गंमत अशी की ज्या वर्षी मुंबईत दावा लागला, त्याच १८८४ साली इंग्लंडने या कारणासाठी तुरुंगात टाकण्याची तरतूद स्वतःपुरती काढून टाकली होती. राणी एकच, कायदे दोन.

तळटीप

आपला मुद्दा मान्य आहे, पण तो मला पुष्टीच देतो. तुरुंग कायद्याने आणला आणि इंग्लंडमध्ये कायद्यानेच काढला. १८९१ साली लँकेशायरमध्ये जॅक्सन नावाच्या गृहस्थाने चर्चमधून बाहेर पडणाऱ्या पत्नीला पळवून नेऊन घरात कोंडले, तेव्हा नवऱ्याला तसा अधिकार नाही, असे अपील न्यायालयाने ठणकावले.

दिवेलागण

आणि सुटून ती परतली तेव्हा तिच्याविरुद्ध हुर्यो करणारा जमाव रस्त्यावर होता. त्या रस्त्याविषयीच मी पहिल्यापासून बोलते आहे. न्यायालयाने दार उघडले, पण त्यातून बाहेर पडलेल्या बाईला गाव कसे वागवते हे चहाच्या दुकानात, दवाखान्यात आणि, होय, सायकलीवरच ठरत होते.