पांदण अन् वर्गणी

नमस्कार भाऊ,
यंदाच्या गणपतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम उरलीय. गावच्या रस्त्याला द्यावी असं मंडळात चाललंय. मागच्या डिसेंबरात समृद्धी महामार्गावरून आलो, कपातला चहा हलला नाही. मग गावातच काय अडतं? आणि लोक गाड्या अशा का चालवतात? शिकवत नाही का कोणी?
– सुधीर, न्यू जर्सी

सुधीरभाऊ,
समृद्धी ७०१ किलोमीटरची, पण आपलं सोयाबीन वावरातून डांबरापर्यंत यायला दीड किलोमीटर पांदण, म्हणजे वावरात जायची कच्ची वाट आहे, अन् अडतं तिथंच. यंदा परतीच्या पावसात ट्रॉली चाकं बुडेस्तोवर फसली. कट्टे डोक्यावर काढले, त्याची मजुरी वेगळी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. नुसता मुरूम टाकला की दोन पावसाळ्यांत पोटात घेते. खाली गिट्टी दाबून दोन्हीकडे नाल्या काढल्या तरच पांदण टिकते. नाल्या कोणी काढत नाही. नालीचं उद्घाटन होत नाही ना.

लायसन्सला आठचा आकडा काढायला लावतात. आमच्या पोरानं पाय न टेकवता काढला. पण रात्री समोर कापसाची ट्रॉली, कापूस दोन्हीकडून हातभर बाहेर, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, अन् समोरून येणारा डिप्पर मारत नाही, तेव्हा काय करायचं हे त्याला कोणी सांगितलं नाही. २०१९ च्या कायद्यानं विनालायसन्स ५,००० रुपये दंड आहे. त्या भीतीनं पोरं लायसन्स काढतात, शिकत नाहीत. मी ट्रॉलीला चमकत्या पट्ट्या लावल्या तर शेजारी म्हणे, वरात निघाली का!

वर्गणी नको राजा. गाडी घेताना रस्ता कर भरला, डिझेलवर रोजच भरतो. तुमच्या बाबांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जायचा, तो १९७५ मध्ये रोजगार हमीच्या अशा कामांसाठीच सुरू झाला होता. पांदणींसाठी सरकारची योजना आहे, पण आधी अतिक्रमण निघालं पाहिजे. अन् पूर्वेकडचा तुमच्या वावराचा धुरा, म्हणजे बांध, पाच फूट पांदणीत आहे. तुमचं वावर मक्त्यानं करणारा म्हणतो, मालक म्हणाले तर सोडतो. सहमतीचं पत्र पाठवता का? मोजणीचे पैसे मी भरतो.

भाऊ,
पाच फूट? बाबा तर तीनच म्हणायचे. पत्राचा नमुना पाठवा. आणि हे उत्तर सगळ्या लिस्टला गेलंय, बरं का.
– सुधीर