अंकोरच्या सहलीत भूसुरुंग संग्रहालय हवं की नको?

गोदाकाठ: दिवाळीत नाशिकहून कंबोडियाला जाणाऱ्या गटात यावरून दोन तट पडलेत. अंकोरवाट, बान्ते स्रेई सगळ्यांना हवंय. भूसुरुंग संग्रहालय मात्र "मुलांना कशाला" म्हणून गाळा, असं काही पालक म्हणतात. माझं मत, ठेवाच. वाट वाकडी करावी लागत नाही. अंकोरजवळच्या सिएम रीप शहराहून बान्ते स्रेईला जातानाच साधारण 25 किलोमीटरवर ते लागतं, मंदिर तिथून पुढे 7 किलोमीटर. ऊन चढायच्या आत मंदिर, परतताना दीड तास संग्रहालय. अकी रा यांनी 1997 मध्ये ते सुरू केलं. ख्मेर रूजच्या, म्हणजे तिथल्या क्रूर कम्युनिस्ट राजवटीच्या, या बालसैनिकाने स्वतः सुरुंग पेरले आणि पुढे तेच उकरत आयुष्य घालवलं, हे मुलांना कळायला हवं.

सातपूर_नाका: मला पटत नाही. काचेआड सुरुंगांची रास बघून दहा वर्षांच्या मुलाला हत्याराचंच अप्रूप वाटतं. त्यापेक्षा सिएम रीपमध्येच अपोपो या संस्थेचं सुरुंग शोधणाऱ्या उंदरांचं केंद्र आहे, तिथे न्या. आफ्रिकेतले हे मोठे उंदीर धातू नाही, टीएनटी या स्फोटकाचा वास हुंगतात, म्हणून गंजके खिळे-पत्रे त्यांना फसवत नाहीत. वजन किलो-सव्वा किलो, त्यामुळे सुरुंग फुटत नाही. मगावा नावाच्या उंदराने 71 सुरुंग शोधले, 2020 मध्ये त्याला सुवर्णपदक मिळालं. मुलांना हे समजतं आणि झोपही उडत नाही.

जखम_आणि_टाके: उंदीर जरूर दाखवा, पण तेवढंच दाखवलं तर गोष्ट फार गोड होते. संग्रहालयात सोव्हिएत पीएमएन आणि चिनी टाइप 72 या सुरुंगांची तुलना करायला लावा. पहिल्यात साधारण 240 ग्रॅम टीएनटी, दुसऱ्यात जेमतेम 50 ग्रॅम स्फोटक. एवढ्या फरकावर पाय गुडघ्याच्या वर कापायचा की खाली, हे बरेचदा ठरतं. स्फोट खालून येतो. माती, गवत, चपलेचे तुकडे, त्याच पावलाची हाडं स्नायूंच्या थरांत वर घुसतात. बाहेरून जखम घोट्याशी दिसते, घाण पोटरीपर्यंत असते. घाईने टाके घातले तर आत गॅस गँगरीन, म्हणजे मांस सडवणारा जंतुसंसर्ग, होतो. म्हणून मेलेलं मांस काढून जखम उघडी ठेवतात आणि चार-पाच दिवसांनी बंद करतात.

मुलांचं आणखी अवघड. कापलेलं हाड वाढत राहतं, कातडी पुरत नाही, टोक टोचायला लागलं की पुन्हा शस्त्रक्रिया. कृत्रिम पाय मोठ्यांना तीन ते पाच वर्षं चालतो, वाढत्या मुलाला सहा महिने ते वर्षभरात बदलावा लागतो. उकिडवं बसता येईल, भातखाचरात उतरता येईल असा पाय हवा. आपला जयपूर फूट त्या देशात उपयोगी पडला तो यामुळेच.

देवळाली_कॅम्प: ताई, वैद्यकीय बाजू मान्य. पण संग्रहालय एकच बाजू सांगतं. शिस्तीतलं सैन्य सुरुंगक्षेत्राला कुंपण घालतं, खुणा लावतं, ओळी आणि अंतरं नोंदवतं. लांब सीमेवर शत्रूचं पायदळ अडवायला दुसरा तितका स्वस्त उपाय नाही. माणसांवरच्या सुरुंगांना बंदी घालणाऱ्या ओटावा करारात भारत नाही, आणि 2025 मध्ये फिनलंड, पोलंड आणि तिन्ही बाल्टिक देशांनी बाहेर पडायचं ठरवलं, ते रशिया शेजारी आहे म्हणून. शिवाय आपल्याकडे गडचिरोलीच्या बातम्यांत "भूसुरुंग" म्हणतात ते बहुतेक वेळा लांबून कळ दाबून उडवलेलं स्फोटक असतं. पाय पडून फुटणारा सुरुंग वेगळा. मुलं हा घोळ घेऊनच परत येतील.

गोदाकाठ: काका, घोळ तिथेच सुटेल, माणसाच्या स्पर्शाने फुटणारी चकती समोरच असते. नोंदीबद्दल मात्र वाद आहे. नकाशा पेरल्या जागा सांगतो, पुरानं किंवा दरड कोसळून सरकलेल्या नाही. एम14 या छोट्या सुरुंगात 29 ग्रॅम स्फोटक आणि धातू नावापुरता, डिटेक्टर गप्पच राहतो. म्हणून तर भारताने मान्य केलेल्या सुधारित आंतरराष्ट्रीय नियमात 8 ग्रॅम लोखंडाइतका संकेत मिळायलाच हवा अशी अट आहे. आणि स्वस्त म्हणाल तर फक्त पेरताना. हाताने शोधणारा माणूस सळई सुमारे 30 अंशांत तिरपी खुपसत, बोटभर अंतराने, दिवसाला 20 ते 50 चौरस मीटर उरकतो. म्हणजे गुंठ्याला दोन ते पाच दिवस. पिंपळगावची एकरभर द्राक्षबाग डोळ्यांपुढे आणा.

देवळाली_कॅम्प: हिशोब बरोबर आहे. तरी शत्रू समोर असताना तो हिशोब कोणी मांडत बसत नाही, यावर मी ठाम आहे.

सातपूर_नाका: मग दहाच्या आतल्या मुलांना उंदरांकडे न्या, मोठ्यांना संग्रहालयात. आणि कृत्रिम पाय लावलेल्या कुणाचाही न विचारता फोटो काढायचा नाही, हे बसमध्येच सांगा.

जखम_आणि_टाके: चालेल. आणखी एक, परतीच्या वाटेवर लघवीसाठीसुद्धा मळलेली वाट सोडून रानात उतरायचं नाही.